खातूनबीचा अंगठा

आमच्या दवाखान्यात मोठमोठे सर्जन होऊन गेले, पण हात पाहत राहावे असे मला वाटले ते एकाच बाईचे, आणि ती डॉक्टर नव्हती. खातूनबी कपड्यांच्या खोलीत पायमशीनवर शिवायची. सर्जनचे झगे, टेबलावरच्या हिरव्या चादरी, मोडलेला हात गळ्यात अडकवायच्या झोळ्या. पिंपरीत कारखाने वाढत होते, तशी प्रेसखाली सापडणारी बोटंही वाढत होती, त्यामुळे झोळ्यांना कधी तोटा पडला नाही. मी ज्योतीराम, एक्स-रे विभागातला. स्वभावाने तिरसट आहे असं लोक म्हणतात. लोकांना दुसरा धंदा नाही.

खातूनबी निघोज्याची. नवरा चांदभाई कासारवाडी स्टेशनापाशी सायकली दुरुस्त करायचा. एकोणसत्तर साली शिवता शिवता मशीनची सुई तिच्या डाव्या अंगठ्याच्या बुडाशी घुसली आणि टोक आतच मोडलं. तेव्हाच्या सर्जननी दोनदा चिरून शोधलं. मी फोटो काढायचो, अंधाऱ्या खोलीत फिल्म धुवायचो आणि ती ओलीच थिएटरकडे घेऊन पळायचो. फिल्मवर सुई अगदी ठसठशीत दिसायची, मांसात मात्र सापडायची नाही. दुसऱ्यांदा टाके पडले तेव्हा बाई म्हणाली, राहू दे तिला, खाऊनपिऊन सुखी राहील. पुढे बारा वर्षं तिने अंगठा उचलून धरला आणि चार बोटांनी कापड सरकवलं. तरी शिवण वाकडी गेली नाही.

एक्याऐंशीच्या हिवाळ्यात त्या अंगठ्याला मुंग्या येऊ लागल्या. चिमटीतली टाचणी गळून पडली तरी तिला कळेना. नव्या फोटोत दिसलं, सुई आत सरकत जाणिवेच्या नसेकडे निघाली होती. असंच चाललं तर हात जाणार, आणि हात गेला की मशीन सुटणार, हे तिलाही कळत होतं आणि मलाही. पोटाला चांदभाई होता, पण शिवल्यावाचून ही बाई दिवसभर करणार काय? एवढं असून ऑपरेशनचं नाव काढलं की ती उठून जायची.

त्याच हिवाळ्यात सी-आर्म आला. चाकांवरून ढकलायचं यंत्र, आणि त्याला एका बाजूने उघडं असलेलं भलंमोठं कडं. कड्याच्या एका टोकातून किरण निघायचे, दुसऱ्या टोकाचा डबा ते झेलायचा, आणि मधे धरलेला हातपाय टीव्हीवर दिसायचा. तोही ऑपरेशन चालू असताना, हलता. माझं फिल्म घेऊन पळणं संपलं. मला आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही, आणि दोन दिवस मी कोणाशी धड बोललो नाही.

यंत्र उघड्या जखमेवर येणार, म्हणून त्याला उकळून घेता येईल अशी कापडाची खोळ हवी होती. खातूनबी गळ्यात टेप अडकवून माप घ्यायला आली. दुपारी थिएटर रिकामं असे. हिरव्या पडद्यांतून पाण्यातल्यासारखा उजेड यायचा. ती एक माप घ्यायची, थांबायची आणि यंत्राकडे बघत बसायची. मी पेडल दाबून तिला बंद लाकडी पेटीतल्या टाचण्या टीव्हीवर दाखवल्या. एक-दोन नव्हे, तीन दुपारी तिने माप घेतलं, आणि मीही तिला घाई केली नाही.

एकदा चहा पिताना तिने स्वप्न सांगितलं. ते कडं निघोज्याच्या शिवारावर वाकलं होतं आणि भुईमुगाचं रान तळापर्यंत दिसत होतं. शेंगा, शेंगांतले दाणे, त्याखाली मुरलेलं पाणी, आणि ते पाणी सावकाश इंद्रायणीकडे चाललेलं. कोणी खणत नव्हतं, कोणी उपटत नव्हतं. सगळं जागच्या जागी होतं आणि तरी दिसत होतं. मी हूं म्हणून कप विसळायला गेलो. पुढे कितीतरी वेळा डोळा लागला की मला ते शिवार दिसायचं, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

खोळ झाली ती नवरीच्या ब्लाउजसारखी, कुठे चूण नाही. पहिल्याच ऑपरेशनला कडं आडवं फिरवलं आणि ती बगलेत टरकली. सर्जन तापले. चूक साधी होती, तिने उभ्या यंत्राचं माप घेतलं होतं. खातूनबीने वाद घातला नाही. कडं फिरवून दाखवा म्हणाली. मी उभ्याचं आडवं केलं, आडव्याचं परत उभं केलं. हे असं का फिरतं, तिने विचारलं. वरून बघितलं तर वस्तू कुठे आहे ते कळतं, किती खोल आहे ते कळत नाही, त्यासाठी बाजूने बघावं लागतं, मी सांगितलं. ती टेप गुंडाळायची थांबली.

"म्हंजे तवा माज्या हातात चिमटा घातल्यावर तुमी बाजूनं बगितलंच न्हाई?"

तेव्हा तसं बघता येत नव्हतं, मी म्हणालो. बाजूचा फोटो होता, पण चिरण्याआधीचा, आणि चिरल्यावर मांस सरकतं. ती टेप गुंडाळून निघून गेली. चार दिवसांनी बगलेत कापडाची तिकोनी कळी घातलेली, ऐसपैस फिरणारी खोळ तिने माझ्यापुढे ठेवली.

"सायबांस्नी सांगा, आता माजी सुई दोनी अंगांनी बगा."

ऑपरेशन सकाळी झालं. हात बधिर करण्याआधी सर्जननी अंगठा हलवायला सांगितला. टीव्हीवर राखाडी धुकं होतं, धुक्यात तिची हाडं, आणि अंगठ्याच्या बुडाशी तांदळाएवढी काळी रेघ. धुक्यातला अंगठा हलला तशी ती हळूच म्हणाली, ही मीच हाय व्हय. मग इंजेक्शन दिलं, चीर घेतली, चिमटा आत गेला. वरून तो सुईला टेकलेला दिसत होता. मी कडं आडवं केलं, तर दोघांत जोंधळ्याएवढं अंतर होतं. एवढ्याशा अंतराने आम्ही बारा वर्षं हरलो होतो. पाच मिनिटांत सुई बाहेर आली.

पण ती नसेला चिकटली होती. नस तुटलेली नाही, दुखावली आहे, जाण परत येईल किंवा येणारही नाही, असं सर्जननी स्पष्ट सांगितलं. संध्याकाळी टोचून पाहिलं, अंगठा मेलेला. मग काढली कशाला, असं खातूनबी भिंतीकडे बघत म्हणाली. मला त्या यंत्राचा भयंकर राग आला. हाडामांसातलं सगळं दाखवतं, आणि जाण आहे की नाही तेवढं नेमकं दाखवत नाही.

टाके निघाल्यावर एके दिवशी सकाळची शिफ्ट सुरू व्हायच्या आधी ती माझ्या खोलीत आली. माझ्या हातात टाचणी दिली आणि डोळे मिटले. बुडापासून वर टोचत जायचं, तिला कळेनासं झालं की थांबायचं. जिथे थांबलो तिथे तिने शिवणाच्या निळ्या खडूने रेघ मारली, बाहीवर खूण करतात तशी. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. आठ दिवस रेघ हलली नाही. मी सोडून द्यायला निघालो होतो. नवव्या दिवशी ती दोराभर वर गेली. मला खोटं वाटलं. मी मुद्दाम टाचणी नुसतीच वर धरून बसलो, तर बाई म्हणाली, टोचा की.

मग रोज दोराभर. आमच्यात बोलणं फारसं नसे. आवारातल्या कडुलिंबाची पानं गळाली, नवी आली. ती खुर्चीत डोळे मिटून बसलेली, मी टाचणी घेऊन वाकलेलो, आणि निळी रेघ कांडं ओलांडून वर चाललेली. माझ्या चाळीस वर्षांच्या आयुष्यात मी इतकी कोणत्या गोष्टीची वाट पाहिली नव्हती. रजेचा दिवस आला की मला चुकल्यासारखं व्हायचं.

एका सकाळी मी नखाच्या कडेला, अगदी शेंड्यावर टोचलं. ती गप्प. मी थोडं थांबून परत टोचलं. ती गप्पच. तेवढ्यात मिटलेल्या डोळ्यांतून तिच्या गालावर पाणी आलं.

"मगाशीच कळलं, ज्योतीरामभाऊ. पुन्यांदा टोचावं म्हनून बोलले न्हाई."

मी तिसऱ्यांदा टोचलं.