लालबागचा डिपर विलायतेत

मला विमानतळावर सोडायला काळाचौकीहून तीन टॅक्स्या निघाल्या. चालवणारे तिघेही माझे नाक्यावरचे दोस्त, त्यामुळे पुढे कोणी राहायचं यावरून शीव येईपर्यंत शर्यत लागली. विमान सुटायला पाच तास होते, पण एकमेकांना पुढे जाऊ देतील तर शपथ! मी मागच्या सीटवर मालवणी मसाल्याचा डबा मांडीवर धरून बसलो होतो, आणि "घाल, डावीकडून घाल नाक!" असं ओरडत होतो तो मीच. हे आधीच कबूल केलेलं बरं, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात दोष माझाच आहे.

संपाआधी मी साचेखात्यात (कापड विणायच्या खात्यात) होतो. संप लांबला, आमची गिरणी काही परत उघडली नाही, आणि मी टॅक्सीचं स्टिअरिंग धरलं. एकुलती एक मुलगी शैला नर्स झाली आणि इंग्लंडच्या उत्तरेला एका लहान गावात नोकरीला लागली. जावईबापू बोटीवर, सहा-सहा महिने दर्शन नाही. शैलाला तिथे नवी नोकरी मिळाली, पेशंटच्या घरोघरी जाऊन ड्रेसिंग करायची. गाडीशिवाय ते जमणं शक्य नाही. आपलं लायसन्स तिकडे वर्षभरच चालतं, मग त्यांची परीक्षा द्यावी लागते. बाईसाहेब दोनदा नापास झाल्या. वर्ष भरायला तीन आठवडे उरले होते, आणि तिसऱ्यांदा नापास म्हणजे नोकरी गेली. फोनवर हुंदके देऊन रडली पोर.

"वीस वर्षं टॅक्सी चालवलीत ना? जा, शिकवा तिला," हिचा हुकूम सुटला. हिच्या गुडघ्यांना थंडी सोसत नाही, म्हणून मी एकटाच निघालो.

पहिल्याच सकाळी फजिती झाली. दूध आणायला गेलो. रस्त्यावर आपल्यासारखेच पांढरे पट्टे होते. मी कडेला उभा राहिलो, गाड्या संपायची वाट बघत. तर एक गाडी माझ्यासाठी थांबली. मी आपला तिला हाताने "जा, जा" केलं. आतल्या माणसाने मला "या, या" केलं. मला वाटलं, पत्ता विचारायचा असेल, म्हणून खिडकीपाशी गेलो. तो हसला, पट्ट्यांकडे बोट दाखवलं. त्याच्या मागे चार गाड्या उभ्या होत्या आणि एकाचाही हॉर्न नाही. मला तर तिथे कोणी वारलंय की काय असंच वाटलं. शेवटी रस्ता ओलांडला तो अक्षरशः पळत.

दुपारी शैलाने मासा खायला नेलं. केवढा मोठा मासा, पण पिठात गुंडाळून तळलेला, वर आंबट शिरका शिंपडलेला. तिखट म्हणून नावाला नाही. मी खिशातून पुडी काढून मसाला भुरभुरला तेव्हा कुठे त्या माशाला आपण मासा असल्याचं आठवलं.

जेवताना मी तिला निकालाचे कागद दाखवायला लावले. दोन्हींवर एकच शेरा होता. रस्ता मिळत असताना विनाकारण थांबून राहते.

"थांबून राहते?" माझा आवाज चढला. "लालबागच्या टॅक्सीवाल्याची मुलगी थांबते? अगं, नाक्यावर तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस!"

"बाबा, हळू बोला. लोक बघतायत."

दुसऱ्या दिवशी मी शेजारी बसलो आणि शैलाने गाडी बाहेर काढली. डावीकडूनच गाड्या, तेवढं आपल्यासारखं. पुढे गोल चौक आला. तिथे पोलीस नाही की सिग्नल नाही. उजवीकडून येणाऱ्याचा मान पहिला, एवढ्या एका नियमावर सगळं चाललेलं. आपल्याकडे मान असतो गणपतीचा. अँब्युलन्सलासुद्धा आपण वाट देतो ती बहुतेक तिच्या मागे आपली गाडी चिकटवता यावी म्हणून. शैलाने मात्र चौक अगदी बेताने पार केला. मला कळेना, ही नापास होते कुठे?

ते पुढच्या गल्लीत कळलं. चढाची गल्ली, दोन्ही बाजूंना विटांची बसकी घरं, दोन्हीकडे गाड्या लावलेल्या, आणि मधून एकच गाडी जाईल एवढी वाट. समोरून एक लाल गाडी आली. आत पांढऱ्या केसांची आजीबाई. तिने डिपर मारला (समोरचे दिवे क्षणभर लावून विझवले). शैलाने कचकन ब्रेक दाबला.

"शाब्बास," मी म्हणालो. "येऊ दे तिला."

आजीबाई येईना. पुन्हा डिपर मारला.

"बघ, म्हातारपणी मस्ती किती! जरा मागे घे."

शैलाने गाडी मागे घेतली. शेवटी आजीबाईच सावकाश आमच्यापर्यंत आली आणि काच खाली केली. टॅक्सीत गोरी गिऱ्हाइकं बसवून तेवढं इंग्रजी मला कळतं. ती म्हणाली, "बाळ, मी तुला ये म्हणत होते. गाडी बिघडली नाही ना?"

ती गेली. शैलाने गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

"बाबा, परीक्षेत दोन्ही वेळा हेच झालं. समोरच्याने दिवा मारला, आणि मी थांबले. मला वाटलं, तोच येतोय."

"पण असलं तुला शिकवलं कोणी?" मी बोलून गेलो.

तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. "तुम्ही. बंद गिरणीच्या मागच्या गल्लीत. दर रविवारी."

खरंच होतं. 'डिपर आला की समजायचं, तो येतोय. अंग चोरून उभी राहा, नाहीतर पत्रा जाईल,' हे माझेच शब्द. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग मी माझी बाजू सांगू लागलो. टॅक्सीच्या पहिल्या दिवशी मी लालबागच्या नाक्यावर याला वाट दे, त्याला वाट दे करत उभाच होतो. शंकरदादा नावाच्या जुन्या ड्रायव्हरने माझ्या बॉनेटवर थाप मारली नि म्हणाला, 'नाक घाल रे, नाहीतर पोरं उपाशी झोपतील.' संपानंतर सगळेच रस्त्यावर आलेले, मग कोण कोणाला वाट देणार?

शैलाने शांतपणे समोर बोट दाखवलं. छपरांच्या मागे एक उंच चिमणी होती, तिच्यातून धूर येत नव्हता.

"इथल्याही गिरण्या बंद पडल्या, बाबा. मी ज्या आजींच्या पायाचं ड्रेसिंग करते, त्या साचेखात्यातच होत्या."

 

मग मात्र मी हट्टाला पेटलो. रोज संध्याकाळी घरातल्या बोळात एका टोकाला मी बॅटरी घेऊन उभा, दुसऱ्या टोकाला शैला. मी बॅटरी उघडझाप करायची, तिने आधी नीट बघायचं, मग पुढे यायचं आणि जाताना हात वर करून आभार मानायचे. पहिले चार दिवस बॅटरी चमकली की ती भिंतीला चिकटायची. हाडात मुरलेलं, सहज निघतंय होय? पाचव्या दिवशी ती न अडखळता चालत आली. "थँक्यू, काका," म्हणून माझ्याच डोक्यावर टपली मारून गेली. मी हसलो, पण डोळ्यांत पाणी आलं ते काही बॅटरीने नव्हे.

परीक्षा शुक्रवारी आणि माझं तिकीट बुधवारचं. तारीख बदलता येईना. विमानतळावर मी तिला म्हणालो, "चुकीचं शिकवलं गं तुला."

"तेव्हा तिकडे तेच बरोबर होतं," ती म्हणाली आणि माझा मफलर नीट करत राहिली.

शुक्रवारी दुपारी मी जेवलोसुद्धा नाही. चाळीखालच्या शिंप्याकडे आमचे फोन येतात, तिथे मशीनशेजारी बसून राहिलो. दोनच्या सुमारास घंटा वाजली. बोलून झाल्यावर मी हिला खालूनच हाक मारून सांगितलं आणि तडक टॅक्सी बाहेर काढली.

गणपतीचा मंडप बांधायला घेतल्यामुळे आमचा रस्ता एका गाडीपुरताच उरला होता. समोरून एक टॅक्सी आली, आत नाक्यावरचा नवा ड्रायव्हर. मी थांबलो आणि डिपर मारला. त्याने घाबरून गाडी मागे घेतली. मी पुन्हा मारला. तो आणखी मागे गेला. "सॉरी काका, या, या!" माझ्या मागे हॉर्नचा गोंधळ उडाला, आईबहिणीचा उद्धार झाला. शेवटी मी खिडकीतून अख्खा हात बाहेर काढला आणि ओरडलो, "अरे, तू ये! तू ये आधी!"

तो बिचकत बिचकत आला. माझ्या खिडकीशी गाडी थांबवून मला खालवर न्याहाळलं.

"काय काका, गाडी बिघडली काय?"

"नाही रे," मी म्हणालो. "पोरगी पास झाली."