सहादूच्या सात वह्या

गंगापूर रोडवरच्या कॉलेजात जमलेल्या माणसांकडे सहादू काकळीजने एकवार पाहिलं आणि त्याच्या मनात आलं, यांच्यातल्या एकाच्याही नखात माती नाही. बुटांना पॉलिश, पुढ्यात बिस्किटं, आणि गप्पा मात्र जमिनीच्या पोटातल्या!

सहादू मूळचा नांदगावकडचा. बत्तीस वर्षं बोअरच्या गाडीवर मिस्त्री होता. आता नाशिक रोडला मुलीकडे राहतो आणि रिकामपणी जगाला नावं ठेवतो. गाडीवर एक रीत असते. नवा पाइप जोडला की वर आलेली भुकटी मूठभर घ्यायची आणि ओळीने ढिगल्या मांडायच्या. काळी माती, मुरूम, तांबडा गेरू, काळा पाषाण. ओळ बघितली की खाली काय दडलंय ते कळतं. बाकीचे मिस्त्री संध्याकाळी त्या ढिगल्या तुडवून चालते व्हायचे. सहादू चिमटीत चोळून बघायचा आणि वहीत उतरवायचा, एका बोअरला एक पान. अशा सात वह्या भरल्या. नाशिकात जमीन कळणारा माणूस एकच, असं त्याचं ठाम मत होतं आणि ते तो कुणी न विचारताही सांगत असे.

त्याला बोलावलं होतं योगिनी मॅडमनी. त्या तिथे भूगर्भशास्त्र शिकवायच्या. शहरात ज्याच्या ज्याच्याकडे बोअरच्या नोंदी असतील त्याने त्या द्यायच्या, त्यांतून जमिनीखालच्या थरांचा सगळ्यांचा मिळून एकच नकाशा कॉम्प्युटरवर उभा करायचा आणि भूकंप झालाच तर कुठली जमीन किती हलेल त्याचा अंदाज काढायचा, असं ते काम होतं.

“एक खोटा कागद आत गेला काका, तर भुसभुशीत जमीन पक्की दिसेल. आणि वरची माणसं त्या भरवशावर राहतील,” मॅडम म्हणाल्या होत्या. म्हणून खरे-खोटे कागद निवडायला सहादू.

मग काय, त्याला आयतंच रान मिळालं. महेश नावाच्या सल्लागाराने अडतीस रिपोर्ट प्लास्टिकच्या कव्हरात घालून आणले होते. सहादूने सहा उलटले आणि फसकन हसला.

“साहेब, मखमलाबादपासून इंदिरानगरपावतर समदीकडं पाणी सत्तर फुटावरच? खालून नळ जोडला व्हता काय?”

सगळे हसले. महेश कानापर्यंत लाल झाला. “काका, काही रिपोर्ट ऑफिसात बसून भरले असतील. पण सगळे नाहीत.”

“कंचे नाय, ते तुमाला तरी ठावं हाय का?”

चार दिवस सहादू लाल पेन्सिल घेऊन बसला. या शिकलेल्या भामट्यांची त्याला किळस आली. बसल्या जागी खडक पैदा करतात, आणि वर सही ठोकतात! काट मारताना तो पेन्सिल अशी दाबायचा की कागद फाटायचा. मॅडमनी त्याच्या वह्या मात्र जशाच्या तशा नकाशात घेतल्या.

पाचव्या दिवशी मॅडमनी दोघांनाही बोलावलं. पडद्यावर एका शाळेचा प्लॉट होता, तीन मजली, साडेआठशे पोरांची शाळा.

“महेशच्या रिपोर्टात इथे चाळीस फूट भराव आहे, जुनी खाण बुजवलेली. काका, तुम्ही त्यावर काट मारलीत. तुमच्या वहीत बारा फुटांवर काळा पाषाण आहे. म्हणून मी शाळा हिरव्या रंगात, म्हणजे पक्क्या जमिनीत, ठेवलीय. पण एकदा खात्री करू या.”

“ते भोक मी स्वतः उभा राहून मारून घेतलं होतं,” महेश म्हणाला.

“आलं मोठं उभं ऱ्हानारं!” म्हणत सहादूने महेशच्या तोंडावर मारायला वही उघडली.

पान सुवाच्य होतं. जरा जास्तच सुवाच्य. त्याच्या आधीचं पान शेजारच्या प्लॉटचं. दोन्ही पानांवर तेच फूट, तेच थर, पाण्याचा आकडाही तोच. सहादूला ते दोन दिवस आठवले. पुतणीच्या हळदीला तो नांदगावला गेला होता. परत आला तोवर गाडी पुढच्या कामावर गेलेली, ढिगल्या तुडवलेल्या. वहीत कोरं पान बरं दिसेना, म्हणून त्याने शेजारचं पान उतरवून काढलं होतं. तेव्हा तिथे शाळा नव्हती, नुसत्या बाभळी होत्या.

गप्प बसला असता तर कुणाला कळलं नसतं. महेशवर तर कुणाचाच विश्वास उरला नव्हता, आणि तो सहादूनेच घालवला होता. पण पडद्यावरची ती हिरवी शाळा बघवेना.

“मॅडम, महेशसाहेबांचा कागद घ्या,” तो म्हणाला. “ह्ये पान खोटं हाय. म्या तवा तिथं नव्हतो. शेजारचं बघून लिवलं.”

महेश हसलासुद्धा नाही, आणि सहादूला तेच सहन होईना. मॅडमनी पडद्यावरची शाळा लाल केली. मग सातही वह्या त्याच्यापुढे सरकवल्या.

“काका, अशी आणखी किती पानं आहेत?”

सहादूने वह्यांकडे पाहिलं. आकडा त्यालाही ठाऊक नव्हता. त्याने लाल पेन्सिल उचलली आणि पहिली वही उघडली.