ओडील पुढे, मी मागे

सायकली माझ्या आणि जीभ ओडीलची, असा आमचा सायकल-सहलींचा धंदा. मी बोलण्यात कच्ची. चार अनोळखी माणसं समोर आली की मला हवा भरायचा पंप जवळचा वाटतो. ओडीलचं उलट. बेल्जियममधल्या ब्रुजच्या वेशीपाशी पाहुणे आपापल्या सायकलीची सीट वरखाली करत असतात, तोवर त्याने त्यांना कालव्यातल्या हंसांपासून स्वतःच्या मोडक्या दाढेपर्यंत सगळं सांगून टाकलेलं असतं. मग तो टोपी मागे सरकवतो, पेडलवर पाय ठेवतो आणि निघतो. सगळ्यांत पुढे तो, मध्ये पाहुणे, सगळ्यांत मागे मी. रात्री मुक्काम नाही, काही नाही. सकाळी शहरातून निघायचं, कालव्याकाठाने डाम गावापर्यंत, तिथून शेतांतून दोनतीन गावं, आणि संध्याकाळच्या आत परत.

मागच्याचं काम घंटीचं. रस्ता ओलांडून शेवटचा पाहुणा पलीकडे पोचला की मी एकदा घंटी वाजवते, म्हणजे पुढे चल. मागून मोटार किंवा सायकल-शर्यतवाल्यांचा घोळका आला की सारखी वाजवते, म्हणजे उजवीकडे एका रांगेत या. एवढंच. पण सगळा दिवस या घंटीवर चालतो, कारण काठचा रस्ता अरुंद आणि पाहुण्यांचं लक्ष कायम पॉप्लरच्या वाकलेल्या झाडांवर.

ओडील पोरवयापासून कापडगिरणीत मागावर होता. गिरणी बंद पडली तेव्हा त्याची पन्नाशी उलटलेली. मग तो स्वयंपाकघरात सपाता घालून बसला. त्याची बायको पॉला मला म्हणायची, "लिव्ह, घरात कपाट असतं तसा असतो गं हा. आठवड्यातून एकदा पुसून घेते." एक दिवस तो माझ्या दुकानात पंक्चर काढायला आला आणि दुकान बंद होईपर्यंत बोलत राहिला. मी म्हटलं, बोलायचंच असेल तर ज्यांनी त्याचे पैसे दिलेत त्यांच्याशी बोल. तिथून हे सुरू झालं.

त्या माणसाचं रूपच पालटलं. गावागावांतून लोक दारातून विचारू लागले, "काय ओडील, आज कुठला देश फिरवायला काढलास?" तो हात उंचावून देशाचं नाव ओरडायचा. पॉला गेली तेव्हा मला वाटलं होतं, हा परत सपाता घालणार. घातल्या नाहीत. फक्त रविवारची वाट तो सोमवारपासून पाहू लागला. पुढची जागा त्याला किती लागते हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच पुढचं सगळं अवघड झालं.

पूर्वी ओडील कधी मागे वळून पाहत नसे. घंटी आली की निघायचा, नाही आली तर उभा राहायचा. अलीकडे तो सारखा वळायचा. दर शंभर पावलांवर मान मागे. पाहुण्यांना त्याचं कोण कौतुक. किती काळजी घेतात हो तुमचे आजोबा, असं एक बाई मला म्हणाली. मलाही तसंच वाटलं. वय झालं की माणूस मऊ होतो म्हणतात, तसं काहीतरी असेल.

मग ईस्टरला धुकं पडलं. हमरस्ता ओलांडताना दोघी डॅनिश बहिणी अलीकडच्या कडेलाच अडकल्या होत्या, मधून दुधाचा टँकर गेला, आणि ओडील बाकीच्यांना घेऊन निघून गेला. मी घंटी वाजवली नव्हती. उलट थांब, थांब म्हणून घसा फोडत होते. त्या दोघी पुढच्या फाट्यावर भलतीकडे वळल्या आणि त्या सापडेपर्यंत मी सगळी शेतं पालथी घातली.

संध्याकाळी दुकानात मी त्याला सुनावलं. "पुन्हा असं झालं तर पुढे मी. तू मागे."

"धुकं होतं गं."

"धुक्यात दिसत नाही. ऐकू येतं."

यावर तो एक सीट फडक्याने पुसत बसला. मग म्हणाला, "तू पुढे? आणि लोकांना सांगणार काय, पंपाविषयी?"

"पंपाविषयी सांगेन. पण आणलेली माणसं परत तर नेईन."

आमचं ठरलं ते इतकंच. त्याने ते गंभीरपणे घेतलं, कारण त्यानंतर तो आणखीच वळून पाहू लागला.

जूनमधल्या एका रविवारी सहा पाहुणे होते. त्यात तुरिनचे बेरुत्ती नावाचे मास्तर, प्रश्न विचारल्याशिवाय ज्यांना श्वास घेता येत नाही अशांपैकी. ते ओडीलच्या मागच्या चाकाला चिकटून चालले होते आणि विचारत होते. कालवा कुणी खणला, झाडं वाकली का, यात मासे आहेत का. ओडील उत्तर देईना. बेरुत्तींनी वळून माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मीच ओरडून सांगितलं की आहेत, ईल आहेत. थोड्या वेळाने ओडील त्यांच्या शेजारी आला, बेरुत्तींकडे तोंड करून, तेव्हा मात्र त्याने ईल या विषयाचं पार भरीत केलं.

डामच्या अलीकडे शर्यतवाले आले. रविवार सकाळ म्हणजे त्यांचीच, रंगीत बनियनं घालून बारापंधरा जण एका दमात येतात. मी सारखी घंटी वाजवत राहिले. पाहुणे एकामागून एक उजवीकडे झाले. ओडील रस्त्याच्या मधोमध, एक हात सोडून कसलंसं शेत दाखवत. पहिल्या शर्यतवाल्याचं पेडल त्याच्या पुढच्या चाकाला घासून गेलं. ओडील कसाबसा एका पायावर सावरला, बेरुत्ती दचकून कडेच्या खाजऱ्या पाल्यात बसले.

"ओ आजोबा, झोपलात काय?" एक जण वळून ओरडला.

"तुझ्या बापाने बांधलाय काय रस्ता?" ओडीलने तिथल्या तिथे परत केलं.

कुणाला फार लागलं नव्हतं. मी बेरुत्तींच्या पोटऱ्यांना मलम लावलं आणि ओडीलला बाजूला घेतलं. "किती वाजवली घंटी."

"वाऱ्यात आली नाही."

"वारा माझ्याकडून तुझ्याकडे वाहतोय, ओडील."

तो पॉप्लरच्या शेंड्यांकडे पाहत राहिला. पानं आमच्या पुढच्या दिशेला लवली होती. "पुढच्या गावातली फिंच पक्ष्यांची रांग होऊ दे," तो म्हणाला. "तेवढी माझी. मग जेवताना बोलू."

मला राग आला होता आणि त्याची कीवही आली. मी बरं म्हटलं.

निघालो तसा नवीन आवाज सुरू झाला. चीं. चीं. चीं. त्याचं पुढचं चाक थोडं वाकलं होतं आणि प्रत्येक फेऱ्याला ब्रेकच्या रबराला लागत होतं. मी सगळ्यांत मागे, तरी मला स्पष्ट ऐकू येत होतं. एरवी ओडील या बाबतीत भारी चोखंदळ. बारीक किरकिर झाली तरी थांबून हाक मारायचा, "लिव्ह, माझ्या चाकात उंदीर शिरलाय, ये बघू." आज हाक आली नाही. मला वाटलं, रुसलाय. पुढच्या गावाच्या वेशीवर थांबू तेव्हा नीट करून देईन.

वेशीवर एक छोटं देऊळ आहे, मेरीमातेचं. पुढे गावात फिंचवाले बसलेले असले की आम्ही तिथे थांबतो. उन्हाळ्यात रविवारी सकाळी ही माणसं रस्त्याच्या कडेला ओळीने बसतात. प्रत्येकासमोर एक छोटी लाकडी पेटी, पेटीत चिमणीएवढा फिंच. तास सुरू झाला की पक्ष्याने किती वेळा आपली पूर्ण तान घेतली ते मोजायचं, प्रत्येक तानेला लांब काठीवर खडूची एक रेघ. स्वतःचा पक्षी मोजायचा नसतो, दुसऱ्याचा मोजायचा असतो. त्या तासात कुणी बोलत नाही. कुत्रीसुद्धा घरात घेतात. रस्त्याने जाणारा उतरतो, पलीकडच्या कडेने चालतो, खोकलासुद्धा गिळतो.

पाहुण्यांना हे शिकवावं तर ओडीलने. खिशातून रुमाल काढून तो प्रत्येकाच्या घंटीला बांधतो, किल्ल्या खिशात घट्ट धरायला लावतो, आणि म्हणतो, "आता चर्चमध्ये चाललोय असं समजा. फक्त इथे सगळे जागे आहेत." त्या दिवशीही त्याने तेच केलं. मी नेमकी एका पाहुणीची निसटलेली चेन बसवत होते. हात ग्रीसने भरलेले. मान वर केली तेव्हा ओडील सायकल हाताने ढकलत रांगेच्या तोंडाशी पोचला होता.

चीं.

आता ओरडता येत नव्हतं. मी पावलं उचलली, पण मध्ये पाहुण्यांची ओळ, रस्ता अरुंद, आणि धावलं तर बुटांचा आवाज. चीं, असं ओडील पहिल्या पेटीसमोरून गेला आणि पहिला फिंच गप्प झाला. चीं, दुसरा. मोजणाऱ्यांचे हात खडूसकट हवेत थांबले. पुढे तो जाई तसतसे पक्षी गप्प होत गेले. मागे वळून तो पाहुण्यांकडे पाहून हसला, ओठांवर बोट ठेवलं, आणि कानाला हात लावून खूण केली. ऐका.

तेव्हा मला कळलं. रुसवा नव्हता, वारा नव्हता, धुकं नव्हतं.

स्टुलांवरची सगळी माणसं मान वर करून त्याच्याकडे पाहत होती. त्याने पूर्वी स्वतः याच रांगेत पक्षी बसवलेले, यातल्या निम्म्यांना त्यानेच गप्प बसायला शिकवलेलं. कुणी बोललं नाही, बोलणार कसं. त्याला चेहरे दिसत होते, पण मिटलेल्या तोंडांवरून काय समजणार? तो नुसता मान हलवून एकेकाला नमस्कार करत गेला.

शेवटच्या स्टुलावर कामील होता. कामील आणि ओडील गिरणीत तीसेक वर्षं शेजारच्या मागांवर. तिथल्या खडखडाटात शेजाऱ्याच्या कानात ओरडूनही ऐकू जात नाही, म्हणून तिथली माणसं आवाज न काढता ओठांनी बोलतात. माझी आईही मागावर होती, आम्हा पोरांना ती घरातसुद्धा तशीच रागवायची. कामीलने खडू खाली ठेवला. ओडीलच्या डोळ्यांत पाहिलं, आणि जराही आवाज न काढता, ओठ मोठे करून म्हणाला:

"ओडील. तुझी सायकल रडतेय."

ओडील थांबला. चाकाकडे पाहिलं, मग मागे, सगळ्या रांगेकडे, थांबलेल्या खडूंकडे. मग त्याने हँडल दोन्ही हातांनी उचललं, पुढचं चाक जमिनीपासून वर धरलं आणि उरलेली वाट तसाच चालत गेला. जड सायकल ती. आम्ही रांगेच्या टोकाला पोचेपर्यंत मागे पहिला फिंच पुन्हा गायला लागला होता.

चर्चच्या भिंतीशी पाहुणे पाव आणि चीजची शिदोरी सोडून बसले. मी पाना काढून ब्रेक सैल करायला घेतला. ओडील माझ्या हातांकडे पाहत होता, तोंडाकडे नाही. त्याला ऐकायचं नव्हतं.

मग त्याने मान वर केली. "किती जण गप्प झाले?"

"थोडे."

"तुझ्या ओठांना खोटं बोलता येत नाही, पोरी."

"सगळे."

त्याने मान हलवली. "दोन वर्षं झाली. मी कामीलला म्हणायचो, हल्लीचे पक्षी नीट गातच नाहीत. तो बिचारा हो हो म्हणायचा." त्याने वाकलेल्या चाकावरून हात फिरवला. "मग तुझी घंटी गेली. मला वाटलं, तूच वाजवायची सोडलीस."

"मला सांगायचं होतंस ना."

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

मी ब्रेकचा नट आवळला. उत्तर दोघांनाही माहीत होतं.

तो उठला, टोपी नीट केली आणि माझी सायकल भिंतीवरून काढून रांगेच्या पुढे नेऊन उभी केली. "पंपाविषयी सांग," तो म्हणाला आणि आपली सायकल घेऊन सगळ्यांच्या मागे जाऊन थांबला.

तेव्हापासून पुढे मी. वाटेत मी फारसं बोलत नाही, लोकांनाही पॉप्लर पुरतात. थांब्यावर ओडील मागून येतो, पाहुण्यांना समोर उभं करतो आणि सगळं सांगतो, दाढेसकट. प्रश्न विचारायचा असेल त्याने तोंड दाखवायचं, हा त्याचा नियम. गावातली माणसं अजून दारातून देशाचं नाव विचारतात, ती मला विचारून मग आपोआप मागे पाहतात.

आता घंटी त्याच्याकडे आहे. मागून येणारी मोटार त्याला ऐकू येत नाही, म्हणून सारखं वळून पाहायची सवय तिथे कामाला येते. पहिल्या दिवशी शेवटचा पाहुणा पलीकडे आल्यावर तो ती वाजवतच राहिला, गायी कुंपणापर्यंत आल्या तरी थांबेना. वाजतेय की नाही, हे त्याला कळणार कसं. म्हणून घंटी ऐकू आली की मी आता मागे न पाहता डावा हात वर करते. हात दिसला की तो वाजवायचा थांबतो, आणि आम्ही पुढे निघतो.