हळद लावली, पैसे लावले

संपदा आगाशे जपानमधल्या कोबे शहरात एका व्यापारी कंपनीत निर्यातीची कागदपत्रं बघते आणि सुटीच्या दिवशी व्हिडिओ गेमच्या स्पर्धा खेळते. दोन्ही कामं ती सारख्याच गांभीर्याने करते. आमच्या इमारतीत ती आणि तिची आई जयमालाबाई माझ्या खालच्या मजल्यावर राहतात. मी इथल्याच बँकेतून निवृत्त झालेला माणूस. हिशेबापलीकडे फारसं काही लिहिलेलं नाही. पण या मुलीबद्दल कोणीतरी लिहायला हवं असं मला वाटत होतं, आणि दुसरं कोणी लिहीत नाही म्हणून मी लिहितो आहे.

२०११च्या भूकंपानंतर बऱ्याच कंपन्यांनी आपली माणसं भारतात परत बोलावली. संपदाच्या वडिलांनी, नरेंद्र आगाश्यांनी, त्याच वर्षी कोबेची बदली मागून घेतली. "जागा रिकामी आहे, कोणी भांडत नाही," असं ते हसून सांगायचे. संपदा तेव्हा शाळकरी होती. वर्गात कोणाला तिचं नाव नीट म्हणता येईना. जपानी जिभेवर त्याचं 'सानपादा' झालं. नरेंद्रराव म्हणायचे, "आमची मुलगी हार्बर लाइनवरचं स्टेशन झाली." तिला ते अजिबात आवडायचं नाही. शाळा सुटली की ती सान्नोमिया स्टेशनाजवळच्या एका गेम सेंटरमध्ये जाऊन बसायची, कारण तिथे बोलावं लागत नसे. पडद्यावर दोन लढवय्ये, समोर एक अनोळखी माणूस. डाव्या हाताने दांडा फिरवायचा, उजव्या हाताने बटणं दाबायची. हरलं की उठायचं, रांगेत पुन्हा मागे जाऊन उभं राहायचं. ती खूप हरली. रांग मात्र सोडली नाही. पुढे स्पर्धांमध्ये तिने खेळाडू म्हणून नाव नोंदवलं ते 'सानपादा' असंच.

गेल्या वर्षी कंपनीने नरेंद्ररावांना मुंबईला नेलं. जयमालाबाई मुलीजवळ राहिल्या. त्यांना जपानी बाजारहाटापुरतं येतं. त्यांचा खरा संसार फोनवरच्या कुटुंबाच्या ग्रुपमध्ये. कोबेत काय शिजलं, चुकीच्या दिवशी ठेवली म्हणून कचऱ्याची कुठली पिशवी परत आली, संपदा किती वाजता जेवली, सगळं मुलुंडपर्यंत पोचायचं. मुलुंडला त्यांचे थोरले भाऊ हेमचंद्र राहतात. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यावर हेमचंद्ररावांना एक छंद लागला. जगभरच्या गेम स्पर्धांवर परदेशी साइटवरून पैसे लावायचा. भाचीचा खेळ बघता बघता लागला म्हणे. त्यांचा मित्रांचा एक ग्रुप आहे. दर महिन्याला ते त्यावर लिहितात: येत्या महिन्यात लक्ष ठेवण्याजोग्या स्पर्धा. सोलला अमुक, मनिलाला तमुक, कोण भरात आहे, कोणाचा भाव उगाच चढलाय. जपानमध्ये असलं काही करायला बंदी आहे आणि संपदाला त्याची चीड. पण मामा लांब, आणि दिवाळीला कुरिअरने चकली पाठवणारा. कोण काय बोलणार?

त्या वर्षी शरद ऋतूत ओसाकाला मोठी स्पर्धा होती. निवडक खेळाडूंत संपदाचं नाव आलं. पात्रता फेऱ्या खेळून आलेली ती एकटीच, बाकी सगळे बोलावलेले. सहा वर्षं ती या मंचाच्या खाली उभी राहून टाळ्या वाजवत होती. ऑफिसातल्या त्सुजी-सान नावाच्या वरिष्ठांनी तिला सुटी दिली आणि स्वतः तिकीट काढलं.

स्पर्धेला तीन आठवडे उरले असताना तिचं डावं मनगट सुजलं. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी तिला आयोजकांचा फोन आला. भेटायला या, सोबत मराठी जाणणारं कोणी असेल तर बरं.

"काका, तुम्ही याल?" तिने दारात उभं राहून विचारलं. "मीच माझ्याबद्दलचं भाषांतर केलं तर ते धरणार नाहीत."

"माझं जपानी बँकेचं आहे," मी म्हटलं. "खेळाचं मला काही कळत नाही."

"खेळाचं नाहीये. आईचं आहे."

झालं होतं ते असं. जयमालाबाईंनी कुटुंबाच्या ग्रुपवर लिहिलं होतं: "संपदाच्या डाव्या मनगटाला सूज आहे. हळद लावली." त्याखाली हेमचंद्ररावांचं उत्तर: "अरेरे. मग मी या वेळी समोरच्यावर लावतो." एवढ्यावर थांबते तर ठीक. पण 'घरातली खात्रीची बातमी' म्हणून त्यांनी त्या दोन ओळींचा फोटो आपल्या मित्रांच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो कुठे कुठे गेला देव जाणे. संपदाच्या पहिल्या सामन्यावर तिच्याविरुद्ध भारतातून एकाएकी इतके पैसे लागले, की असल्या गोष्टींवर नजर ठेवणाऱ्यांनी आयोजकांना कळवलं. खेळाडूने आपल्या तब्येतीची माहिती पैसे लावणाऱ्यांना पुरवली, असं ठरलं तर ती बाहेर. या स्पर्धेतून, आणि पुढेही कोणी बोलावणार नाही.

आम्ही तिघं हानक्यू रेल्वेच्या गाडीने ओसाकातल्या उमेदाला निघालो. संपदा खिडकीशी, कानात गाण्याची बोंडं. जयमालाबाई माझ्याकडे झुकल्या.

"काका, एक सांगू? तुम्ही त्यांना सांगा, दादाही हळदच लावतोय."

"कुठे?"

"म्हणजे काय कुठे? शब्द एकच ना. मी लावली, तो लावतो. त्यांना काय कळतंय?"

"समोरच्याला हळद लावतोय? बहिणीची मुलगी आजारी आणि हे समोरच्याला लावणार?"

"अहो, शेजारी असेल कुणीतरी समोर राहणारा," जयमालाबाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, तरी मला हसू आवरेना. "मुलीचं सगळं माझ्या एका ओळीमुळे जाणार हो."

"आई," संपदा खिडकीबाहेरच बघत म्हणाली, "गाणं कधीच संपलंय. मला ऐकू येतंय."

जयमालाबाई रुमालाने डोळे पुसू लागल्या. मी मात्र मनात शब्द जुळवत राहिलो. जयमालाबाईंचं म्हणणं अगदीच वेडेपणाचं नव्हतं. 'लावणे' हा शब्द खरोखरच दोन्हीकडे बसतो, आणि माझ्यावाचून त्या खोलीत दुसरं कोणी तो तपासणार नव्हतं.

आयोजकांकडचे ओकामुरा-सान चाळिशीचे, नीटनेटके गृहस्थ होते. त्यांनी चहा दिला, माझं वय बघून खुर्चीवर उशी ठेवली आणि तो फोटो टेबलावर मांडला. शेजारी यंत्राने केलेलं जपानी भाषांतर.

"सबनीस-सान, आम्ही हे भाषांतर करून पाहिलं," ते फार अवघडून म्हणाले. "यात आगाशे-सानच्या आईंनी लिहिलंय, की त्यांनी 'हारुदा'वर पैसे लावले. आम्ही सगळ्या याद्या पाहिल्या. हारुदा नावाचा खेळाडू आम्हाला कुठेच सापडला नाही. तो कोण?"

संपदाने ओठ घट्ट मिटले. मी म्हटलं, "तो खेळाडू नाही. तो मसाला आहे. उकोन."

"उकोन?" ओकामुरा-सानच्या कपाळावर आठ्या आल्या. "ऑफिसच्या पार्टीनंतर दारूचा त्रास होऊ नये म्हणून कोन्बिनीच्या दुकानातून घेऊन पितात, ते?"

"तेच. आमच्याकडे ते सुजेवर लावतात."

"बाहेरून?"

"बाहेरून."

त्यांनी संपदाच्या मनगटाकडे पाहिलं. मनगट अजून पिवळं होतं. ते एकदम मनापासून हसले, मग तोंडावर हात ठेवून माफी मागितली. जयमालाबाईंना शब्द कळले नाहीत, पण हसू कळलं. त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

"म्हणजे आईंनी औषध लावलं," ओकामुरा-सान म्हणाले. त्यांचं बोट दुसऱ्या ओळीवर गेलं. "क्रियापद तेच दिसतंय. म्हणजे मामाही... कोणाला तरी औषध लावताहेत. असंच ना?"

त्यांनीच दार उघडून दिलं होतं. मी फक्त 'हाय', म्हणजे 'हो', म्हणायचं होतं. ओकामुरा-सानना ती मुलगी आवडत होती, हे मला दिसत होतं. ते माझ्याकडे बघत होते, जयमालाबाई माझ्याकडे बघत होत्या. मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मी संपदाकडे पाहिलं.

"काका," ती मराठीत म्हणाली, "आहे ते सांगा."

"संपदा, गप्प बस," जयमालाबाई पुटपुटल्या.

"नाही आई. उद्या कोणी दुसऱ्याकडून हे भाषांतर करून घेतलं तर काका खोटे ठरतील. आणि मी त्या मंचावर बसले की प्रत्येक वेळी मला हेच आठवेल." मग ती माझ्यासाठी थांबलीच नाही. पाठ सरळ करून जपानीत म्हणाली, "ओकामुरा-सान, मामा औषध लावत नाहीत. मामा पैसे लावताहेत. माझ्याविरुद्ध. आईला ते करतात हे माहीत होतं, मलाही माहीत होतं. घरातलं बोलणं घराबाहेर जाईल, हे आम्ही लक्षात घेतलं नाही. चूक आमची आहे."

तिने मान लववली आणि बराच वेळ वर केली नाही. मी म्हटलं, "ती सांगते तसंच आहे. दोन 'लावणे' वेगळे आहेत." माझं त्या दिवसाचं काम एवढंच.

ओकामुरा-सान आत जाऊन वरिष्ठांशी बोलून आले. आम्हाला बरीच वाट बघावी लागली. आल्यावर ते उभ्यानेच बोलले. माहिती विकलेली नाही, लपवलेलीही नाही, म्हणून बंदी नको असं ठरलं. पण बाहेरच्या काही लोकांना जे माहीत आहे ते बाकीच्यांना माहीत नाही, असं चालणार नाही. म्हणून दोन वाटा. एक, प्रकृतीचं कारण सांगून नाव मागे घ्यायचं. "कोणी काही विचारणार नाही. पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा विचार करू," ते हळुवारपणे म्हणाले. इथे इतकी वर्षं काढल्यावर 'पुन्हा विचार करू'चा अर्थ मला ठाऊक होता, आणि संपदालाही. दुसरी वाट, दुखापत सगळ्यांसमोर जाहीर करायची.

"जाहीर करा," संपदा म्हणाली.

"समोरच्या खेळाडूलाही कळेल. तो तुमचा डावा हातच दमवेल."

"मी असते तर तेच केलं असतं. 'हाताला दुखापत' असं मोघम नको. 'डावं मनगट' असं लिहा."

घरी पोचल्यावर तिने मुलुंडला फोन लावला. जयमालाबाईंनी मला चहाला थांबवलं होतं, म्हणून मीही तिथेच होतो. फोन टेबलावर ठेवलेला.

"अगं, मी तर प्रेमापोटी लावले!" हेमचंद्ररावांचा आवाज खणखणीत. "तू जिंकलीस तर आनंद, हरलीस तर पैसे. दोन्हीकडून घरचंच भलं."

"मामा, माझं भलं तुम्ही समोरच्याच्या खिशात ठेवलंत."

"इथे सगळेच लावतात गं. मी काय चोरी केली?"

"तुमच्याकडे काय चालतं ते तुम्ही बघा. पण माझं मनगट ही घरातली गोष्ट आहे. ज्या स्पर्धेत मी असेन ती तुमच्या महिन्याच्या यादीत येणार नाही. आली तर आई तुमच्याशी जेवणाखाण्याचंसुद्धा बोलणार नाही."

"हे जयू म्हणतेय की तू?"

जयमालाबाईंनी चहाचा कप ठेवला. "मी म्हणतेय दादा," त्या म्हणाल्या. आवाज कापरा होता, पण शब्द स्पष्ट. पलीकडे खाकरल्याचा आवाज. मग, "बरं बाई," आणि फोन बंद.

उरलेल्या दिवसांत संपदाने एक गोष्ट केली, जी तिच्या ओळखीच्या सगळ्यांनी वेडेपणाची ठरवली. दांडा फिरवताना मनगट वळतं, म्हणून तिने दांडाच सोडला आणि फक्त बटणं असलेली चपटी पेटी आणली. त्यात सगळं बोटांवर. शाळेपासून हाताला लागलेली सवय मोडायची आणि नवी लावायची, तीही स्पर्धेच्या तोंडावर. ऑफिसातून आली की ती बसायची. पहिले काही दिवस ऑनलाइन खेळणारी पोरं तिला सहज हरवत होती. "काका, मी पुन्हा गेम सेंटरच्या रांगेत उभी आहे," ती एकदा जिन्यात म्हणाली, आणि कचऱ्याची पिशवी घेऊन खाली गेली.

स्पर्धेच्या दिवशी पडद्यावर तिच्या नावाखाली डाव्या मनगटाची ओळ होती. निवेदक ती मोठ्याने वाचत होता. समोर त्सुकुबाच्या एका संशोधन संस्थेत काम करणारे तानिगुची-सान होते, हिशेबी खेळाडू. त्यांनी बरोबर तेच केलं. तिला कोपऱ्यात दाबून सतत बचाव करायला लावला, म्हणजे डाव्या हाताला क्षणभर उसंत नाही. पहिला डाव ती हरली. जयमालाबाई माझी बाही धरून बसल्या होत्या. त्सुजी-सान पुढच्या रांगेत टॉवेल फिरवत होते. दुसऱ्या डावात तिची बोटं बरोबर पडायला लागली आणि तो तिने घेतला. हे मला त्सुजी-सानच्या ओरडण्यावरून कळलं. तिसऱ्यात तानिगुची-सान पुन्हा कोपऱ्याच्या मागे लागले आणि ती तिथूनच उसळून बाहेर आली. जिंकली. त्यांनी उठून नमस्कार केला आणि तिच्या पेटीकडे वाकून बघितलं, एखादं उपकरण तपासावं तसं.

पुढच्या सामन्यात नागोयाच्या खेळाडूने तिला सरळ हरवलं. ती खाली उतरली तेव्हा घामाने भिजलेली होती आणि मनगट पुन्हा सुजलं होतं. फोनवर मामांचा निरोप होता: "अभिनंदन. माझे गेले." ती खुदकन हसली.

परतीच्या गाडीत जयमालाबाईंनी विचारलं, "आता जरा थांबशील ना? आधी डॉक्टर."

"सोमवारी जाते. वेळ घेतलीय," संपदा म्हणाली. तिचा अंगठा फोनवर चालला होता. मी न राहवून डोकावलो. फुकुओकाच्या स्पर्धेची पात्रता फेरी, खुला प्रवेश, सगळ्यात खालची पायरी.

"एकदा मंचावर खेळलीस ना? आता तुला बोलावतील की," मी म्हटलं.

"बोलावतील किंवा 'पुन्हा विचार करू' म्हणतील," ती म्हणाली. "मी रांगेतून जाते, काका. मला ती वाट माहीत आहे."

गाडी सान्नोमियाला लागायच्या आत तिने नाव नोंदवलं.