ट्यूबलाइटखाली जुळवलेला दात

धाकट्या भावाचं लग्न लॉनवर, तेही भर दुपारी, आणि मी करवली, पुढचा दात तुटलेली. हडपसरला स्कूटर घसरली, तेवढंच निमित्त. तेव्हापासून हसू आलं की हात आपसूक तोंडावर जायचा. आई म्हणायची, लग्नात तरी हात खाली ठेव बाई. ठेवते कशी, कपाळ!

कर्वेनगरात आमच्याच गल्लीत दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या. कॅपचा रंग जुळवायला दिवसाउजेडी या, असं त्यांनी आधीच बजावलं होतं. दिवसाउजेडी? कंपनीची बस सकाळी उचलायची ती अंधार पडल्यावर आणून सोडायची. शनिवारीही काम, रविवारी दवाखाना बंद. शेवटी संध्याकाळी ट्यूबलाइटखालीच नमुन्याचे दात माझ्या दाताशेजारी धरून रंग ठरवला. कॅप आली, तात्पुरती चिकटवली. आरशात बघितलं तर ओळखू येईना. मी खूश.

दुसऱ्या दिवशी बस स्टॉपवर पर्समधला आरसा काढला आणि डोकंच फिरलं. शेजारचे दात पिवळसर, आणि हा मेला निळसर पांढरा, फुटक्या कपाचा तुकडा बसवल्यासारखा. लग्न आठवड्यावर आलेलं. ऑफिसात गेले आणि अर्धी रजा मागितली. टीम लीडरने विचारलं, दाताचं काम संध्याकाळी नाही का होत? संध्याकाळीच तर घोळ झाला होता. मी पर्स उचलली आणि निघाले.

बाईंनी मला खिडकीपाशी बसवलं, लिपस्टिक पुसायला लावली, भडक ओढणीवर राखाडी कापड पांघरलं. ओढणीच्या रंगानेही नजर फसते म्हणे. माझी नुसती चुळबुळ. मांडीवरचा मोबाइल सारखा थरथरत होता. आपण बसताय की निघताय, असं त्यांनी शांतपणे विचारलं, तेव्हा कुठे मी तो बंद केला.

मग त्यांनी दोन नमुने दाखवले. एक उन्हात जुळणारा, एक ट्यूबलाइटखाली. दोन्हीकडे तंतोतंत जुळेल असा त्यांच्याकडे नव्हता.

"तुम्ही जास्त वेळ कुठल्या उजेडात असता?"

साधाच प्रश्न, पण मला रडू फुटेल असं वाटलं. लग्न एका दुपारचं. बाकी माझं सगळं त्या पांढऱ्या नळ्यांखाली.

"उन्हातला द्या."

"ऑफिसात वेगळा दिसेल हं. हसलात की कळेल."

"तिथे मी हसते कधी?"