यादी येत नाही, पण राम राम येतो

बोंडअळीच्या वर्षी मी यवतमाळला कापूस खरेदी करणाऱ्या एका कंपनीत सर्व्हर सांभाळायला लागलो. घरातला पहिला पदवीधर. माझ्या शिक्षणावर घरच्यांचा फार विश्वास होता, आणि माझा त्याहून जास्त.

एके दिवशी दुपारी पांढरकवड्याच्या केंद्रावर शेतकऱ्यांची यादी उघडेना. यादी आमच्याकडच्या आभासी सर्व्हरवर होती, म्हणजे एका मोठ्या यंत्राच्या पोटात चालणाऱ्या छोट्या यंत्रावर. तिथून केंद्रापर्यंत मी इंटरनेटमधून कंपनीपुरता बोगदा, म्हणजे एक खासगी वाट, टाकला होता. यादी दिसल्याशिवाय कापूस मोजता येत नव्हता. काटा पाचला बंद होणार होता आणि रांगेत अळीतून वाचलेला कापूस घेऊन माझे बाबा उभे होते.

केंद्रावरच्या ताईंना मी फोनवर म्हटलं, "संगणकावरच्या निरोपाच्या खिडकीत काहीतरी लिहून पाठवा. तेही त्याच बोगद्यातून येतं."

"राम राम" आलं. मी "जय भीम" पाठवलं. तेही पोचलं.

"बोगदा एकदम ठीक आहे," मी जाहीर केलं.

"मंग यादी काहून येत नाही, भाऊ?"

सेटिंग बदललं की राम राम, सर्व्हर बंद-चालू केला की जय भीम. तीन तास हेच. आमचे साहेब म्हणाले, "आता फक्त पाया पडायचं राहिलं."

चार वाजता ताईंचा फोन आला. "तुमच्या बाबांनी निरोप सांगतला, तो पाठवला."

"काहीच आलं नाही."

"थोडा लंबा हाय."

मागून बाबांचा आवाज आला, "थोडा कायचा? म्हशीपासून सुरू केला ना!"

"ताई, खिडकी बंद करून पुन्हा उघडा. अर्धाच पाठवा."

अर्धा आला! तेव्हा माझी ट्यूब पेटली. बोगद्यातून माहिती गठ्ठ्यागठ्ठ्यांनी जाते आणि प्रत्येक गठ्ठ्यावर एक जास्तीचं वेष्टण चढतं. गठ्ठ्याचं माप ठरवताना मी ते धरलंच नव्हतं. राम राम आरामात मावत होता. यादीचे आणि बाबांच्या निरोपाचे भरगच्च गठ्ठे मात्र तोंडाशीच अडकत होते. दोन्ही टोकांना माप पंधराशे बाइटवरून चौदाशे केलं. यादी उघडली. बाबांची गाडी पाचच्या आत काट्यावर चढली.

मग ताईंनी अख्खा निरोप पुन्हा पाठवला. म्हैस बरी, आई बरी, आणि शेवटी: "रांगेतले लोक यादीवाल्याले शिव्या देऊन राह्यले. म्या बी दोन देल्या. तू माहा पोरगा हायस, थे या ताईले सोडून कोनालेच सांगतलं नाही."