नवव्या बोयापुढची कोरी जागा

प्रिय मिहिर आणि सई,

बिबवेवाडीची आमची बिल्डिंग पाडून नवी बांधायची ठरली आहे, म्हणून कपाट आवरते आहे. त्यात एक कागद निघाला. तुमचे बाबा म्हणाले, “आई, एवढं कशाला ठेवतेस?” तेव्हा ठरवलं, आता लिहूनच टाकावं. आधीच सांगते... भूतखेत, नवस, अंगारे यांतलं मी कधी काही मानलं नाही. आजही मानत नाही.

मिहिर, तू मागे फोनवर बोटीचा नकाशा दाखवला होतास. आमच्या वेळी ते काम हातानं होई. खाडीत सुरक्षित वाट दाखवायला तरंगते बोये असतात. पावसाळ्यात ते सरकतात, मग नव्यानं टाकतात आणि त्यांचे अक्षांश-रेखांश पत्रानं येतात. त्यांवरून लाँचसाठी मार्गाचं कार्ड करायचं, हे आमच्या ऑफिसचं काम. ऑफिस मात्र पुण्यात. “पुण्यात बसून समुद्र शिकवता, कमाल आहे,” असं शेजारचे जोशी रोज ऐकवायचे.

आमची पद्धत पक्की होती. मी निळ्या शाईनं आकडे उतरवायचे. मग आमचे तपासनीस शेखसाहेब मूळ पत्र हातात धरून म्हणायचे, “परत वाचा, बाई.” मी मोठ्यानं वाचायचं आणि बरोबर असलेल्या ओळीपुढे ते लाल पेन्सिलीनं खूण करायचे. ते लहानपणी आधी उर्दू शिकलेले, त्यामुळे त्यांची खूण उजवीकडून डावीकडे जायची. आम्ही त्यावरून त्यांना चिडवायचो.

एका वर्षी पावसाळ्यात शेखसाहेब गेले. त्यांच्या खणातल्या वस्तू, पेन्सिलीच्या डब्यासकट, मीच त्यांच्या मुलाच्या हाती दिल्या. नवा माणूस मिळेना. ऑफिसचे मोठे साहेब म्हणाले, तुम्हीच लिहा, तुम्हीच तपासा. घरी सासूबाई अंथरुणावर, तुमचे बाबा दुसरीत... मी इतकी थकलेली असायची की बसमध्ये उभ्या-उभ्या डोळा लागायचा.

पावसाळा संपल्यावर एका शनिवारी दुपारी मोसमातलं पहिलं कार्ड पाठवायचं होतं. ते घेऊन सोमवारी पहाटे निघणारा लाँचचा तांडेल, म्हणजे ती चालवणारा, माझा धाकटा भाऊ, अण्णा. त्या खाडीत तो नवा. पहाटेचं धुकं आणि भरलेली लाँच. कार्डावर असेल तीच त्याची वाट.

बारा बोयांच्या बारा ओळी उतरवल्या. परत वाचायला हव्या होत्या. वाचल्या नाहीत. एकटीनं कुणाला वाचून दाखवायचं? तोंडावर पाणी मारून येते आणि पाठवून देते, असं ठरवून उठले.

परत आले तर यादीवर लाल खुणा होत्या.

आधी रागच आला. कुणीतरी थट्टा केली असणार. पण शनिवार, अर्धा दिवस, सगळे घरी गेलेले. दाराशी फक्त शिपाई धोंडिबा. त्याला विचारलं, आत कोण गेलं होतं?

“कोन बी न्हाई बाई. तुमी गेला, तुमी आला.”

खुणा अकरा होत्या, सगळ्या उजवीकडून डावीकडे गेलेल्या. नवव्या ओळीपुढे काही नव्हतं. पत्र काढून पाहिलं... अक्षांशातल्या सेकंदांच्या जागी मी ५१ ऐवजी १५ लिहिले होते. नकाशावर रेघ ओढून बघितली. आठव्या बोयापासून निघालेली वाट थेट खडकांवर जात होती.

मग नवा कागद घेतला, पुन्हा लिहिलं, रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून दोनदा मोठ्यानं वाचलं आणि पाठवलं. सोमवारी संध्याकाळी अण्णाचा फोन आला, सुखरूप पोचल्याचा. दिवाळीत त्याला हे सांगितलं, तर म्हणाला, “म्हणजे शेखसाहेबांनी अजून राजीनामा दिलेला नाही तर.” आणि हसला.

थकव्यात मीच खुणा केल्या असतील? असू शकेल. पण लाल पेन्सिल ऑफिसात नव्हती. आणि तशी उलटी खूण मी पुष्कळदा करून पाहिली आहे, माझा हात तसा वळत नाही.

अण्णा जाऊन सहा वर्षं झाली. ते ऑफिस कधीच बंद झालं. तो कागद निळ्या फायलीत आहे, फाईल माझ्या बॅगेत आहे. बारा ओळी, अकरा लाल खुणा. नवव्या ओळीपुढची जागा अजून कोरी आहे.

— आजी